आधी बद्रीनाथ, मग हेमकुंड: आमच्या भागातल्या यात्रा मंडळांना खुलं पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी भागातल्या यात्रा मंडळांचे चालक आणि यात्रेच्या गाड्या काढणारी सर्व मंडळी,

रामकृष्ण हरी.

मी खानापूर तालुक्यातला माजी सैनिक. मराठा लाइट इन्फंट्रीत एकवीस वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून घरी आलो, आता भात आणि थोडा ऊस करतो. येत्या सप्टेंबरात घरातली सहा माणसं मिळून उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिबला, शिखांच्या धामाला, जायचं ठरवलंय. बायको, धाकटा भाऊ, कॉलेजातली मुलगी, बारा वर्षांचा मुलगा, सत्तर वर्षांची आई आणि मी. भांगलण उरकलेली असते, तिकडचा पाऊस ओसरायला लागतो, म्हणून हा महिना धरला. धाम ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास बंद होतं, तेव्हा त्याच्या आत जाऊन आलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात खानापूर स्टँडवर तुमच्यापैकी एका मंडळाचं पत्रक हातात आलं. चारधाम आणि हेमकुंड, सगळं एकाच फेरीत. नाष्टा काय, जेवणात गोड काय, गाडीत सीट कशी, सगळं नीट छापलंय. पण हेमकुंड किती उंचीवर आहे, हे कुठंच नाही. तो आकडा तिथं असता तर आमचे दाजी गेल्या वर्षी वेगळ्या तयारीनं गेले असते. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगतो. यात्रा काढू नका असं मी म्हणत नाही. उलट आपल्या लोकांनी तिथं जावं असंच मला वाटतं. गावात काहीजण विचारतात, आपण माळकरी माणसं, शिखांच्या धामाला कशाला? आईच त्यांना उत्तर देते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिला नांदेडला घेऊन गेलो होतो. तिथं तिला कळलं की नामदेव महाराजांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही. गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला १७०८ साली देह ठेवला, आणि त्यांनीच आपल्या पूर्वजन्माची गोष्ट सांगताना म्हटलंय की सात शिखरांच्या मध्ये हेमकुंट पर्वतावर आपण तप केलं. पंजप्याऱ्यांतले, म्हणजे गुरूंच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांतले, भाई साहिबसिंग तर बिदरचे, आपल्याच कर्नाटकातले. ती तपाची जागा शोधून काढली १९३० च्या दशकात संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग या दोघांनी. हवालदार हा शब्द वाचला की मला फार आपलं वाटतं. तिथली आजची ताऱ्याच्या आकाराची इमारतसुद्धा लष्करी अभियंत्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. फौजेत असताना शीख पलटणीतल्या जवानांबरोबर एका चुलीवर चहा केलाय मी. त्यातला एकजण दर वेळी म्हणायचा, एकदा हेमकुंटला ये. ते आता जमतंय.

आता दाजींचं. माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, निपाणीकडचे. वय अठ्ठावन्न. आषाढीला पायी पंढरपूर करतात, वीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही. चालायला असा गडी आमच्या नात्यात दुसरा नाही. गेल्या वर्षी ते दोघं एका यात्रेच्या गाडीतून गेले. नाव घेत नाही, कुणावर राग काढायचा नाही. सकाळी हरिद्वार सोडलं, रात्री उशिरा गोविंदघाट, जिथं गाडी सोडायची. दुसऱ्या दिवशी चालत घांगरिया, हेमकुंडच्या खालचं मुक्कामाचं गाव. तिसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंड. असा कार्यक्रम.

घांगरियालाच त्या रात्री दाजींचं डोकं फुटायला लागलं. जेवण गेलं नाही, दोनदा उलटी झाली, झोप नाही. अक्काने तिथल्या एका दुकानातून मला फोन केला. मी सांगितलं, "अक्का, वर जाऊ नको म्हणावं. सकाळी बरं नाही वाटलं तर खाली उतरवा, गोविंदघाटला न्या." गाडीबरोबरच्या माणसाने तिला सांगितलं की पित्त झालंय, लिंबू चोखा, सकाळी खेचरावर बसवू. दाजीही म्हणाले, पंढरी चालणारा मी, एवढ्याने मागं फिरू काय? सकाळी ते खेचरावर बसून निघाले. वर पोचायच्या थोडं अलीकडे उतरले तर पाय सरळ पडेनात, दारू प्यालेल्या माणसासारखे झोकांड्या खायला लागले. अक्काला ओळखलं, पण आपण कुठं आलोय ते सांगता येईना. पंजाबातली चार पोरं वर चालली होती. त्यांनी धामाकडे पाठ फिरवली, आळीपाळीनं दाजींना पाठीवर घेतलं आणि घांगरियापर्यंत खाली आणलं. दर्शन झाल्याशिवाय परतली ती पोरं. तिथल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आणखी खाली उतरवलं, जोशीमठला दोन दिवस ठेवलं. दाजी वाचले.

ते पित्त नव्हतं. उंचीचा विकार मेंदूवर गेला होता. तोल जाणं आणि भान सुटणं ही त्याची खूण. दुसरा प्रकार छातीवर जातो: बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, मग फेस. दोन्हींत माणूस काही तासांत जाऊ शकतो, आणि दोन्हींवर पहिला उपाय एकच, लगेच खाली उतरवणं. लिंबू नाही, आलं नाही, खेचरावर बसवून वर नेणं तर नाहीच. खेचर पायाचे श्रम वाचवतं, हवा विरळ असते ती असतेच.

आपल्या लोकांना हे कसं पटवायचं याचा मी खूप विचार केला. आपण बेळगावकर राहतो अडीच हजार फुटांवर. कळसूबाई ५४०० फूट, अख्ख्या महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. कर्नाटकात मुळ्ळय्यनगिरी सव्वासहा हजार फुटांच्या आसपास. हेमकुंड साहिब चौदा हजार फुटांच्या वर. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच तिथं मिळतो. वारीत दोन-अडीचशे किलोमीटर चालणाऱ्याचे पाय मजबूत असतात यात शंका नाही, पण ती सगळी वाट सखल भागातली. कमी हवेत रक्ताने, श्वासाने जुळवून घ्यायला दिवस लागतात, आणि ते दिवस तरण्या पैलवानालाही तेवढेच लागतात. उलट दमाचा गडी भरभर चढतो आणि आधी आजारी पडतो. फौजेत हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फौज काय करते ते ऐका. नऊ हजार ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर जवानाला सहा दिवस ठेवतात. पहिले दोन दिवस नुसता आराम, मग हळूहळू चालणं. त्यापुढं पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस. लेहला पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बराकीत पडून राहायचा हुकूम म्हणजे शिक्षा वाटली होती. आमच्यातला एकजण दुसऱ्याच दिवशी पळायला गेला, त्याला स्ट्रेचरवर आणला. यात्रेकरूला दहा दिवस देता येत नाहीत हे मला कळतं. गाडीचं भाडं असतं, ड्रायव्हरचा भत्ता असतो, लोकांच्या रजा असतात. म्हणून मी दहा दिवस मागत नाही.

माझं मागणं एवढंच आहे: क्रम बदला. बहुतेक गाड्या हेमकुंड आधी उरकतात आणि बद्रीनाथ शेवटी ठेवतात. ते उलटं करा. बद्रीनाथ दहा हजार फुटांच्या थोडं वर, गाडी दारापर्यंत जाते, गोविंदघाटपासून अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. आधी जोशीमठला मुक्काम, तिथून बद्रीनाथला जाऊन एक रात्र राहायचं, मग खाली गोविंदघाटला यायचं आणि घांगरिया गाठायचं. घांगरियाही दहा हजार फुटांवरच. म्हणजे हेमकुंडची चढण लागायच्या आधी शरीराच्या दोन रात्री त्या उंचीवर झालेल्या असतात. दिवस तेवढेच, डिझेल जवळपास तेवढंच.

आणि जमत असेल तर घांगरियाला एक दिवस जादा ठेवा. त्या दिवशी लोकांना खोलीत बसवायचं नाही. घांगरियाच्या वरच फुलांच्या घाटीची वाट फुटते. जागतिक वारसा म्हणून नोंद झालेली जागा आहे ती. तिथं सकाळी हळूहळू जायचं, दुपारी परत घांगरियाला झोपायला यायचं. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणं, याच्याएवढा चांगला सराव नाही. घांगरियाला गुरुद्वाऱ्यात मुक्कामाला आणि लंगरला पैसे पडत नाहीत, ज्याने त्याने श्रद्धेनं पेटीत टाकायचं. जादा खर्च येतो तो गोविंदघाटला उभ्या राहिलेल्या गाडीचा. तो पन्नास माणसांत वाटून सांगा, कुणी नाही म्हणणार नाही. दाजींना विचारा, त्या एका दिवसाचे किती पैसे त्यांनी आनंदानं दिले असते.

आमच्या घरी तयारी चैत्रापासून चाललीय. सांगतो, तुमच्या लोकांना उपयोगी पडेल.

दर रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर. गड लहान आहे, एकदा चढून काही होत नाही, म्हणून तीनदा वर-खाली करतो. पाठीवर पिशवी, आत पाण्याच्या बाटल्या. पहिल्या महिन्यात दोन बाटल्या, आता पाच. मधल्या दिवशी घरापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून पुढं, तासभर. उतरणीचा सराव लोक विसरतात. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे बोलतात, आणि हेमकुंडहून त्याच दिवशी सहा किलोमीटर खाली उतरावंच लागतं. वर रात्रीचा मुक्काम कुणालाच नाही. दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली धाडतात. म्हणून घांगरियाहून उजाडतानाच निघायचं.

चालीचं एक साधं माप मी घरच्यांना दिलंय. चालताना हरिपाठाचा अभंग मोठ्याने म्हणता आला पाहिजे. मध्येच श्वास तुटला तर चाल जास्त झाली, थांबायचं. तिकडचे लोक वाहेगुरू, वाहेगुरू म्हणत चढतात, त्यातही तेच आहे. मुलगी हसत होती आधी. परवा जांबोटीच्या चढावर पुढं धावत गेली आणि दहा मिनिटांत रस्त्याकडेच्या दगडावर बसली. आई मागून हरिपाठ म्हणत सावकाश आली आणि तिच्या पुढं निघून गेली.

आमच्या खानापूर तालुक्यात एक गोष्ट फुकट मिळते, ती म्हणजे पाऊस. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात बूट, कपडे, पिशवी सगळ्याची परीक्षा होते. नवे बूट आणून थेट हिमालयात घालणाऱ्यांच्या टाचा पहिल्याच दिवशी सोलतात. आम्ही तीन महिने आधी आणले, चिखलातून चालवले. भावाचा रेनकोट शिवणीवर गळतो हे इथंच कळलं. आईला तिचं घोंगडं न्यायचं होतं. एकदा भिजवून तिच्या पाठीवर ठेवलं, मग तीच म्हणाली, नको बाबा. लोकरीची टोपी, हातमोजे, अंगावर पातळ कपड्यांचे थर, वरून पाऊस अडवणारं एक. सुती बनियन घामानं भिजलं की वाळत नाही, वर थांबल्याबरोबर हुडहुडी भरते.

साडीचा प्रश्न आमच्या घरात आठवडाभर चालला. बायकोचं म्हणणं, देवाला जायचं ते साडीतच. राजहंसगडावर ओल्या पायरीवर निऱ्या अडकून ती गुडघ्यावर पडली, तेव्हा सलवारीवर आली. तुमच्या पत्रकात ही एक ओळ घाला. तुम्ही सांगितलं की घरातली थोरली माणसं ऐकतात, सुनेनं सांगितलं तर ऐकत नाहीत.

खाण्याला कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे. वर भूक मरते, तरी थोडं थोडं खायचं. पाणी सारखं प्यायचं. बायकामाणसं वाटेत अडचण होते म्हणून पाणी पीत नाहीत, हे मी दरवेळी बघतो. त्यांना उघड सांगा की पाणी तोडलं तर डोकं आणखी दुखतं.

डॉक्टरकडे सगळ्यांनी जायचंच. बेळगावात केएलईचं आणि सरकारी बिम्सचं अशी मोठी रुग्णालयं आहेत, गावातला डॉक्टरही रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख बघू शकतो. पण त्याला नुसतं यात्रेला चाललोय म्हणू नका, चौदा हजार फुटांवर चाललोय असं सांगा. डायमॉक्स नावाची गोळी असते, काहींना ती आधीपासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून एकमेकांच्या पिशवीतून घ्यायची नाही. झोपेची गोळी आणि दारू त्या उंचीवर वर्ज्य. इन्शुलिन गारठू द्यायचं नाही, अंगाशी ठेवायचं. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात असेल तर बरोबर घ्या, पण त्याचा आकडा चांगला दिसला म्हणून झोकांड्या खाणाऱ्याला वर नेऊ नका.

आमच्या आईची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे, घांगरियापर्यंत न्या, पुढचं तिथं बघून ठरवा. मी ठरवलं की आई घांगरियालाच थांबेल. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "तिथल्या गुरुद्वाऱ्यात कीर्तन असतंय काय?" असतं म्हणालो. "मग मी ऐकत बसेन. तुम्ही जाऊन या." बायको तिच्याबरोबर थांबणार होती, पण आईनंच तिला वर पाठवायचं ठरवलंय आणि भाऊ खाली राहील. तुम्हाला हे सांगायचं कारण, प्रत्येक गाडीत अशी चार-पाच माणसं असतात. ती मागं राहिली तर त्यांच्याजवळ कोण थांबणार, हे निघायच्या आधी ठरलेलं असावं. ते ठरलेलं नसतं, म्हणून आजारी माणूसही गाडीबरोबर ओढला जातो.

सरोवराबद्दल. ते पाणी बर्फाचं आहे. शीख भाविक श्रद्धेनं बुडी मारतात, त्यांचं दर्शन तसंच आहे. आपल्यातल्या ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी हातपाय धुवून, डोक्याला पाणी लावून नमस्कार करावा. घामानं निथळत पोचल्याबरोबर कुणीच उडी मारू नये. आणि गाडीतल्या गाडीत "बुडी मारली नाही तर यात्रा पुरी होत नाही" असं बोलायचं बंद व्हावं. सरोवराकाठी लक्ष्मणाचं देऊळही आहे, तिकडचे लोक लोकपाल म्हणतात. आपली बरीच मंडळी ते न बघताच फिरतात.

निपाणी-चिक्कोडीच्या मंडळांना एक वेगळी विनंती. आपला भाग तंबाखूचा. गुरुद्वाऱ्यात तंबाखू आणि विडी अजिबात चालत नाही, खिशात सुद्धा. गोविंदघाटलाच गाडीत काढून ठेवायला लावा. त्याने छातीलाही मदत होईल. डोक्याला रुमाल सगळ्यांनी, बायका-पोरांसकट. या गोष्टी तिथं जाऊन दुसऱ्यानं सांगितल्या की आपल्याला लाज वाटते, म्हणून आपणच आधी शिकवून न्यावं.

वाटेत खेचरं येतात तेव्हा डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. उत्तराखंड सरकारच्या नोंदणीशिवाय पुढं सोडत नाहीत, ती सगळ्यांची करा. आणि पत्रक मराठीबरोबर कानडीतही छापा. आपल्या गाड्यांत दोन्हींकडची माणसं असतात, आणि डोकं दुखतंय हे ज्याला आपल्या भाषेत सांगता येतं तो लवकर सांगतो.

मी फुकट यायला तयार आहे. गाडी निघायच्या आधी महिनाभर तुमच्या देवळात, समाजमंदिरात, कुठंही बोलवा. तासभर बोलेन, खुणा समजावून सांगेन, कोणत्या खुणेला थांबायचं आणि कोणत्या खुणेला उतरायचं ते सांगेन. पुढचं पत्रक छापायला टाकायच्या आधी बोलवलंत तर आणखी बरं.

दर रविवारी सकाळी सहाला आम्ही राजहंसगडाच्या पायथ्याशी असतो. गेल्या तीन रविवारपासून दाजीही निपाणीहून येतायत. पहिल्या रविवारी पहिल्या वळणावर थांबले होते. परवा निम्म्यापर्यंत आले, तिथं बसून त्यांनी हरिपाठ पुरा केला आणि मला विचारलं, "आधी बद्रीनाथ म्हणालास न्हवं?"

आपला,
एक माजी सैनिक
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव